मुरलेला सुगंध आणि सोलापूरचं ऊन

आयरिस या फुलझाडाचा कंद जमिनीतून काढतात तेव्हा त्याला सुगंध नसतो. ओल्या मातीचा, कच्च्या मुळाचा वास असतो, तोही जेमतेम. इटलीत टस्कनीच्या डोंगरउतारांवर हे कंद दोन-तीन वर्षं शेतात वाढवतात, काढून सोलतात, वाळवतात आणि मग तीन ते पाच वर्षं कोरड्या जागी नुसते ठेवून देतात. पुढचं सगळं काम हवा आणि काळ करतात. कंदातले गंधहीन, मोठे रेणू ऑक्सिजनमुळे हळूहळू तुटत जातात आणि त्यांतून ‘आयरोन’ नावाची संयुगं तयार होतात. तेव्हा कुठे त्या कंदाला व्हायोलेटच्या फुलांच्या जवळ जाणारा, थोडा पावडरी, कमालीचा शांत सुगंध येतो. फर्डिनांड टीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये या आयरोनचा शोध घेताना ‘आयोनोन’ बनवलं, आणि तेव्हापासून व्हायोलेटचा वास कारखान्यात तयार होऊ लागला. कंद मात्र अजूनही वर्षानुवर्षं तसेच वाळत पडतात, कारण ज्यांना फरक कळतो त्यांना तो कंदाचाच हवा असतो.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आयोनोनची रचना फळ्यावर काढून दाखवली आहे, पण कंदाचा मुरलेला वास नाकाने ओळखला तो यंदाच्या उन्हाळ्यात. बंगळुरूला असलेला माझा भाचा सुट्टीला सोलापूरला आला, त्याच्या बॅगेत जाड काचेची एक छोटी बाटली होती. युरोपातला एक कारागीर एकट्याने परफ्यूम बनवतो, एका खेपेला मोजक्या बाटल्या भरतो आणि तोच माल पुन्हा करत नाही, असं त्याने सांगितलं. बाटलीला फवारा नव्हता, बुचाला जोडलेली काचेची कांडी होती. तळाशी हाताने लिहिलेला आकडा होता : ८७/१२०. सोबतच्या कार्डावर घटक होते. चाळीस वर्षांपूर्वी काढलेलं म्हैसूरचं चंदनतेल, मुरवलेला आयरिसचा कंद, पाचौलीच्या पानांचं जुनं तेल, आसामचा ऊद म्हणजे अगरू, तंबाखूच्या पानांचा अर्क, आणि शेवटी दवणा.

दवणा वाचून मला फार बरं वाटलं. बाकीची नावं दुकानाच्या काचेमागची वाटत होती, दवणा मात्र आमच्या गल्लीतला. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पुष्कळ, त्यामुळे इथल्या फुलवाल्यांकडे गजऱ्यात नुसता मोगरा नसतो. अबोली असते, मरवा असतो आणि दवण्याची राखाडी-हिरवी, बारीक पानांची काडी असते. चैत्रात देवाला दवणा वाहतात. त्या झाडाचं तेल परफ्यूमवाल्यांना का आवडतं हे मला नंतर वाचून कळलं : प्रत्येकाच्या त्वचेवर ते वेगळं उमलतं. कुणाच्या हातावर जर्दाळूसारखं गोड, कुणाच्या हातावर कडसर, जवळजवळ औषधी. आमच्या आईच्या केसांतल्या दवण्याला आणि मावशीच्या केसांतल्या दवण्याला वेगळा वास यायचा, ही माझी लहानपणची खात्री होती. घरात कुणी ती मानत नसे.

ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारलं, मग कांडीने मनगटावर थेंब लावला. पहिल्यांदा अल्कोहोल आणि दवणा. मग तो गोडवा मागे सरला आणि पाचौलीची, बंद खोली उघडल्यावर येते तशी, जुनी, ओली गडद चव नाकात आली. तासाभराने आयरिस. रात्री जेवण झालं, भांडी घासून झाली, तेव्हा मनगटावर फक्त चंदन आणि तंबाखू उरले होते. सकाळी अंघोळीआधी चंदन होतंच. हे असं टप्प्याटप्प्याने का होतं ते सोपं आहे : लिंबू-संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, चंदनातलं सॅन्टालॉल सुमारे ३०० अंशांना. हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. कारण माहीत असूनही मी ती रात्रभर मनगट नाकाशी नेत राहिले.

चंदनाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या बाटलीतली सगळ्यात मोठी वाट पाहणारी गोष्ट तीच.

चंदनाचं झाड एकट्याने नीट जगत नाही. ते अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी आणि क्षार ओढून घेतात. म्हणून चंदन लावणारे शेतकरी रोपाशेजारी तूर लावतात, पुढे सुरू किंवा दुसरं एखादं टिकणारं झाड. तूर आमच्या जिल्ह्याचं पीक, पण तिच्या मुळांवर चंदन पोसलं जातं हे शेतीतल्या माणसांनाही सांगावं लागतं. सुगंध असतो तो गाभ्याच्या लाकडात, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात आणि तेलाने भरलेला चांगला गाभा हवा असेल तर तीसच्या पुढे. लावणाऱ्याला त्याचं तेल बघायला मिळेलच असं नाही.

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन राजवृक्ष म्हणून जाहीर केलं, आणि पुढेही म्हैसूर राज्यात झाड कुणाच्याही जमिनीत असलं तरी मालकी सरकारचीच राहिली. पहिल्या महायुद्धात लाकूड जर्मनीला जाणं बंद झालं, तेव्हा १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानात तेल काढण्याचा सरकारी कारखाना निघाला. स्वतःच्या रानातल्या चंदनावर शेतकऱ्याला हक्क मिळाला तो या शतकाच्या सुरुवातीला, कर्नाटकाने कायदा बदलल्यावर. दोनशे वर्षं ज्याच्या बांधावर चंदन उगवलं त्याला ते ओझं वाटत असणार : सांभाळायचं आपण, न्यायचं दुसऱ्याने. मग कोण लावेल? चोरी आजही थांबलेली नाही, पुण्यात बंगल्यांच्या आवारातली झाडं रात्रीत कापून नेल्याच्या बातम्या सतत येतात. जंगलातलं जुनं चंदन फार थोडं उरलं आहे. त्यामुळे ‘चाळीस वर्षांपूर्वीचं तेल’ याचा अर्थ केवळ तेल चाळीस वर्षांचं एवढा होत नाही. ते झाड त्याआधी तीस-चाळीस वर्षं उभं होतं. म्हणजे कुणीतरी ते रोप पाहिलं तेव्हा माझे आजोबा मिलमध्ये नोकरीला लागायचे होते.

जुन्या तेलाचा वास नव्यापेक्षा खरंच वेगळा असतो. भट्टीतून नुकत्या निघालेल्या तेलात एक तिखट, लाकूड भाजल्यासारखी कडा असते, ती वर्षांनी मावळते. पाचौलीचं आणि वाळ्याचंही तसंच. लोणचं मुरतं तसं मुरतं, एवढंच याचं सोप्या मराठीत वर्णन करता येईल. पण सगळ्याच तेलांना हे भाग्य नाही. लिंबाचं, संत्र्याचं तेल जुनं झालं की बिघडतं, त्यातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून वार्निशसारखा वास मारायला लागतं. काय मुरतं आणि काय नासतं हे ओळखणं हाच या धंद्यातला अर्धा भाग.

बाटली घेऊन मी विजापूर वेशीत गेले. तिथे एक अत्तरवाले चाचा आहेत, त्यांच्या वडिलांकडून माझे आजोबा हिना घ्यायचे. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामाला. अंगावर कायम कापसाची पिंज, कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास. पण दिवाळीत पहाटे उटणं लावून अंघोळ झाली की लोखंडी कपाटातून हिन्याची कुपी निघायची, कापसाचा फाया करून तो कानाच्या पाळीच्या वर, खोबणीत बसायचा. तेवढा एक फाया. बाकीच्या दिवसांत पाहुणे आले, लग्नकार्य निघालं तरच. ती कुपी वर्षानुवर्षं पुरली. हिना म्हणजे मेंदीच्या फुलांचं अत्तर असं पुष्कळांना वाटतं. ते निराळं. हा हिना अनेक जडीबुटी आणि मसाले चंदनतेलावर उतरवून बनतो आणि थंडीत लावायचा असतो, उष्ण मानतात.

चाचांनी बाटली हातात फिरवून पाहिली. मी कांडी पुढे केली तर म्हणाले, “हाताला नको ताई, अल्कोहोल हाय ना, नमाजची येळ झालीय.” कागदाची पट्टी काढली, तिच्यावर थेंब घेतला आणि लगेच हुंगली नाही. गल्ल्यावर ठेवून दिली. दोन गिऱ्हाईकं झाली, एका पोराला मजमुआ अत्तर मोजून दिलं, मग पट्टी उचलून नाकाखालून एकदाच नेली.

“चंदन खरं हाय,” म्हणाले. “असलं आता आमच्याकडं पण नाही. मागितलं तर देणार कुठनं?”

उत्तर प्रदेशातल्या कनौजचा माल त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या येतोय. तिथे अजून तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून, झाकणाची फट कापूस-मातीने लिंपून, खाली लाकडं आणि गोवऱ्या जाळून अत्तर उतरवतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात जाते, भपका पाण्याच्या हौदात गार राहतो आणि त्यात आधीच चंदनतेल घातलेलं असतं. गुलाबाची, केवड्याची, अगदी भाजलेल्या मातीच्या खापरांची वाफसुद्धा त्या तेलात मुरते. तापमापक नसतो. कारागीर भपक्याला हात लावून सांगतो, बास, आता डेग उतरवा. पुढे अत्तर चामड्याच्या कुप्यांत भरून ठेवायचं. चामड्यातून पाण्याचा अंश हळूहळू निघून जातो आणि तेल आत राहतं. चंदनतेल महागल्यावर यातलं पहिलं काय गेलं असेल तर ते चंदनतेलच. आज बाजारातली बरीचशी अत्तरं लिक्विड पॅराफिनवर, म्हणजे गंधहीन खनिज तेलावर उतरवलेली असतात. वास येतो, पण त्याला मुरायला आधार नाही. चाचा हे लपवत नाहीत. वेगवेगळ्या शिशा दाखवून सांगतात, ही पॅराफिनची, ही चंदनाची, दरातला फरक बघा आणि घ्या.

मातीच्या अत्तराचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ मधल्या लेखात दिलं. उत्तर प्रदेशात हाच वास चंदनतेलात पकडून विकतात याची त्यांनी दखल घेतली होती. त्या वासातलं जिओस्मिन जमिनीतले सूक्ष्मजीव बनवतात आणि माणसाचं नाक ते अब्जावधी भागांत एखादा भाग इतक्या अल्प प्रमाणातही ओळखतं. वळवाचा पाऊस काळ्या रानावर पडल्यावर सोलापुरात जो वास उठतो तो कनौजच्या गाळाच्या मातीपेक्षा जड असतो, असं मला नेहमी वाटतं. आमच्या काळ्या मातीचं अत्तर कुणी उतरवावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. चाचांना बोलून दाखवली तर म्हणाले, माती फुकट आहे, चंदन आणा.

या भागाला सुगंधाचं शास्त्र नवं नाही. सिद्धरामेश्वर सोलापुरात तलाव खोदत होते त्याच बाराव्या शतकात इथून जवळच, कल्याणीला, चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’ लिहून गेला होता. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधी उटणी, तेलं आणि धूप यांची सविस्तर कृती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत काम केलेल्या प. कृ. गोडे यांनी सुगंधावरच्या जुन्या हस्तलिखितांचा पुढे अभ्यास केला. त्यांतल्या ‘गंधवाद’ नावाच्या संस्कृत ग्रंथाला तर मराठी टीका आहे. अत्तर कसं मिसळावं हे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी मराठीत समजावून सांगितलेलं आहे, आणि आम्ही शाळा-कॉलेजात त्याचं नावही ऐकलेलं नसतं. याचं मला वाईट वाटतं.

ऊद आणि अंबर यांच्याबद्दल पटकन सांगते. ऊद म्हणजे अगरू. झाडाला जखम झाली, तिच्यात बुरशी शिरली की झाड बचावासाठी गडद राळ तयार करतं. निरोगी झाडाच्या लाकडाला सुगंध नाही, आजारी झाडाच्या लाकडाला आहे. आसामात होजाई हे त्याच्या व्यापाराचं गाव. जंगलात इतकी तोड झाली की १९९५ मध्ये या झाडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली. आता आसामात घराच्या परसात लोक ते लावतात, ही चांगली गोष्ट. अंबर मात्र त्या कार्डावर नव्हतं, आणि म्हणूनच ती बाटली मी घरात घेतली. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होऊन वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगत, ऊन-खाऱ्या पाण्यात मुरलेला तो पदार्थ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बाळगताही येत नाही. वर्तमानपत्रं त्याला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात आणि कोट्यवधींच्या आकड्यांनी बातम्या रंगवतात. कस्तुरीही तशीच. लिओपोल्ड रुझिचका यांनी १९२६ मध्ये कस्तुरीतल्या मस्कोन या गंधद्रव्याची रचना उलगडली, त्यानंतर हरणाला मारायचं काही कारण उरायला नको होतं. तरी पुढची कित्येक वर्षं हरणं मरत राहिली.

आता तंबाखू. कार्डावरच्या सगळ्या घटकांत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा हाच.

आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का राहतात. पद्मशाली समाजाच्या, घरात तेलुगू, बाहेर अस्खलित मराठी. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हापासून विड्या वळतात. सोलापुरात अशा बायका हजारोंनी आहेत. कुंभारीला तर विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली घरकुलांची अख्खी वसाहत आहे. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पान चपळाईने वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. बोलताना, टीव्ही बघताना, पोरीचा अभ्यास घेताना हात थांबत नाहीत. त्या घरात पाऊल टाकलं की तंबाखूचा वास अंगावर येतो, आणि तो गोड नसतो, घशात बसतो. अक्कांना खोकला आहे. धुळीमुळे आहे हे त्यांना माहीत आहे.

परफ्यूममधला तंबाखू वेगळा असतो. चांगली पानं सुकवून, आंबवून, काही काळ ठेवून त्यांचा अर्क काढतात. त्याला वाळलेल्या गवताचा, मधाचा, मनुकांचा वास येतो आणि बाटलीवर त्या शब्दामुळे भाव वाढतो. मी अक्कांकडे ती बाटली नेली ती काही दाखवायला नाही, विचारायला. या शहरात तंबाखू त्यांच्याइतका जवळून कुणी हुंगलेला नाही. त्यांच्या मनगटाला थेंब लावला. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. दवणा लगेच ओळखला. मग सूप बाजूला सारलं, पदराने हात पुसून पुन्हा वास घेतला.

“तंबाखू हाय ह्यात,” म्हणाल्या. “पण निपाणीचा नाही, ताई. ह्याला लई ठेवलंय. आणि पान मोठं असणार, जाडं.”

विडीचा तंबाखू निपाणीकडून येतो, ते त्यांचं मोजमाप. पान मोठं असणार हे त्यांनी कशावरून काढलं ते मी विचारलं. “भुकटीला असा वास येत नाही,” एवढंच उत्तर. युरोपात मोठमोठ्या संस्थांमध्ये वर्षानुवर्षं नाक तयार करतात. अक्कांचं नाक मांडीवरच्या सुपाने तयार केलं. फक्त त्याची पदवी नाही, आणि त्या नाकाला खोकला मिळाला. बाटलीची किंमत मी त्यांना सांगितली नाही. त्या पैशात त्यांच्या घराचे दोन महिने नीट निघाले असते. हे लिहिताना मला कारागिराबद्दल राग नाही. तो एकटा बसून, वर्षं मोजून, मन लावून एक वस्तू बनवतो, सोलापुरात हातमागावर एक एक धागा भरणाऱ्या माणसाइतकाच मला तो जवळचा वाटतो. पण मुरलेपणाची किंमत लावताना आपण झाडाचा काळ मोजतो, तेल मुरण्याचा काळ मोजतो, आणि पानाला हात लावणाऱ्या माणसाचा काळ हजारावर मोजतो. हे मला चुकीचं वाटतं आणि ते मी चुकीचंच म्हणणार.

भाच्याचा आणि माझा वाद झाला तो त्या आकड्यावरून. तो म्हणाला, “मावशी, असली बाटली रोज लावायची नसते गं. एकशेवीसच आहेत जगात. दहा वर्षांनी हिचा भाव बघ.” त्याच्या ओळखीतले लोक अशा बाटल्या न उघडता कपाटात ठेवतात आणि पुढे विकतात.

मी त्याला सोलापूरचं ऊन दाखवलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ पर्यंत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बंद कपाटातसुद्धा दुपारी हवा तापलेली असते. चंदन आणि पाचौली हे सोसतील, पण दवण्याचा कोवळा भाग काही उन्हाळ्यांत जाईल. आयरिसला कोरडी, गार, अंधारी जागा लागते, ती इथे कुठून आणणार? मी बाटली धान्याच्या खोलीत, जाड चादरीत गुंडाळून, माठाच्या बाजूला ठेवते. त्या माठात वाळ्याची जुडी असते. एवढं करूनही बाटलीतला वास बदलणार आहे. न वापरता ठेवलेली बाटली जशीच्या तशी राहते ही समजूतच खोटी. ती संपतेच, फक्त कुणाच्या अंगाला न लागता संपते.

दुसरं म्हणजे एकशेवीस हा आकडा मला फारसा भुलवत नाही. कारागिराने ठरवलं असतं तर दोनशेही भरल्या असत्या. खरी मर्यादा त्या तेलाच्या डब्याची आहे : तेवढंच जुनं चंदन त्याच्याकडे होतं, त्या वर्षीच्या पावसाने दवण्याला तेवढंच तेल दिलं. तो माल पुन्हा होणार नाही हे खरं आहे, आणि म्हणूनच तो लोकांच्या अंगाला लागायला हवा. पंढरपूर आमच्या जिल्ह्यात. तिथे कुणाही वारकऱ्याच्या कपाळाला बुक्का लागतो आणि त्या गर्दीत कुणी मोजत बसत नाही. लग्नात मांडवाच्या दारात गुलाबपाणी आणि मनगटाच्या मागे अत्तराचं बोट. आजोबांची एवढीशी कुपी अख्ख्या मांडवाला पुरायची. अत्तराचा हा एक मोठा गुण आहे : थोडं असूनही ते वाटता येतं. दागिना असा वाटता येत नाही.

भाच्याला हे लगेच पटलं नाही. तो शहाणा मुलगा आहे, पैसा कष्टाने कमावतो, त्याची चिंता मला समजते. पण बाटली त्याने मला दिली होती.

जूनमध्ये अक्कांच्या मुलीचं लग्न झालं, भवानी पेठेतल्या मंगल कार्यालयात. वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते, हवा दमट होती, आणि दमट हवेत वास जास्त जाणवतो. दारात गुलाबदाणी होतीच, तिच्या शेजारी मी ती बाटली घेऊन उभी राहिले. येणाऱ्या बायकांच्या मनगटाच्या मागे कांडी टेकवत गेले. कुणी विचारलं, हिना का? कुणी म्हटलं, देवघराचा वास आहे. एका म्हाताऱ्या आजींनी दवणा ओळखून दोन्ही हात पुढे केले. विजापूर वेशीतले चाचाही आले होते. त्यांनी स्वतःच्या खिशातलं चंदनाचं अत्तर काढून माझ्या हाताला लावलं, आणि परफ्यूमच्या शेजारी ते कसं वाटतं हे बघायला सांगितलं. दोन्ही हात आळीपाळीने हुंगताना मी कार्यालयाच्या दारात उभी होते आणि भाचा माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातून बाटली घेतली. पुरुषांच्या रांगेला तो लावत होता, आणि प्रत्येकाला घटक सांगत होता : आयरिस, चंदन, ऊद. बाटली पाऊण रिकामी झाली. उरलेलं दिवाळीच्या पहाटेला.

जेवणं झाल्यावर अक्का थकून खुर्चीत बसल्या होत्या, भाचा त्यांच्या शेजारी. त्यांनी त्याला विचारलं, “तो तंबाखू कुठला रे बाळा? त्या माणसाला विचार ना. आणि पान कुणी सुकवलं तेही विचार.” भाच्याने तिथेच फोनवर त्या कारागिराला लिहिलं. अक्कांनी दोनदा वाचून घेतलं, मराठीत काय लिहिलं ते सांगायला लावलं आणि एक वाक्य वाढवायला सांगितलं : सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईने विचारलंय म्हणावं. उत्तर अजून आलेलं नाही. अक्का भेटल्या की पहिलं तेच विचारतात.